घास आणि पडदा

मुलांच्या जेवणाच्या तक्रारी हा हल्ली सुशिक्षित घरांतील संभाषणाचा ठरीव विषय होऊन बसला आहे. भाजी दिसली की मूल तोंड फिरविते, वेफर्स मात्र मागून घेते, आणि मोबाईल पुढे धरल्यावाचून एकही घास गिळीत नाही, असे आईबाप सांगतात. आणि सांगण्याचा सूर असा, की जणू ही खोड मुलाने जन्मतःच बरोबर आणली आहे! आमचे म्हणणे असे, की ही खोड मुलाची नसून घराची आहे, आणि घराने मोडल्यावाचून ती मोडावयाची नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. आमच्या आज्यादेखील चांदोबा दाखवून आणि काऊचिऊचे घास करूनच भरवीत नव्हत्या काय? भरवीत होत्या. परंतु भरविणारीचे डोळे मुलाच्या मुखावर असत. त्याने मान फिरविली की तिला ते कळे. पडदा मुलाकडे पाहत नाही. त्याच्यापुढे बसलेले मूल आ करते आणि गिळते. पोट भरल्याची खूण त्याची त्यालाच उमगत नाही. भूक आणि तृप्ती यांची ओळख लक्षपूर्वक जेवण्यानेच टिकते. ताट रिकामे झाले म्हणून आई समाधान मानते. वस्तुतः मूल जेवलेले नसते, ते भरले गेलेले असते.

शिवाय पडदा नुसते लक्ष वेधून थांबत नाही, तो माल खपवितो. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या येल विद्यापीठातील संशोधकांच्या प्रयोगात, कार्टूनमध्ये खाद्यपदार्थांच्या जाहिराती पाहणाऱ्या ७ ते ११ वर्षांच्या मुलांनी, इतर जाहिराती पाहणाऱ्या मुलांपेक्षा समोरचा खाऊ ४५ टक्के अधिक खाल्ला. आपल्याकडे २०२० च्या नियमांनी अतिरिक्त चरबी, साखर वा मीठ असलेले पदार्थ शाळेच्या आवाराभोवती ५० मीटरच्या आत विकण्यास मनाई केली. जो विक्रेता शाळेच्या फाटकाशी नको, त्यास आम्ही स्वयंपाकघरात पाट मांडून बसविले आहे!

दुसरा आक्षेप अधिक विद्वत्तेचा. हा सारा कुटुंबाच्या परिस्थितीचा प्रश्न आहे, शिक्षण आणि उत्पन्न वाढले की आहार आपोआप सुधारेल, असे म्हणतात. यात तथ्य आहे. ज्याला फळे परवडत नाहीत त्याला फळांचे महत्त्व सांगणे ही क्रूर थट्टा होय. एका खोलीत पोराला मोबाईलवर सोपवून कामावर जाणाऱ्या मजूर मातेस आम्ही बोल लावणार नाही. तिला पर्याय नाही. परंतु राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालील अतिवजनी बालकांचे प्रमाण २०१५-१६ मधील २.१ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये ३.४ टक्क्यांवर गेले, आणि ते सधन घरांत अधिक आढळते. पदवी ताटात वाढता येत नाही. मूल पाहते ते बापाच्या भिंतीवरचे प्रमाणपत्र नव्हे, तर त्याच्या डाव्या हातातील मोबाईल. आईच्या नोकरीस दोष देणाऱ्या गृहस्थांनी आधी तो हात मोकळा करावा.

दोन वर्षांखालील मुलांस पडदा नकोच, आणि २ ते ४ वर्षांच्या मुलांस दिवसाकाठी एक तासाहून अधिक नको, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच सांगितले आहे. आमचे मागणे त्याहून साधे आहे. दिवसातून एक जेवण सर्वांनी एकत्र, एकच स्वयंपाक वाढून घेऊन, वडील माणसांच्या मोबाईलसह सर्व पडदे दूर ठेवून करावे. नवी भाजी मुलाने एकदा नाकारली तर रागावू नये; दहा वेळा शांतपणे पुढे ठेवावी. निरोगी मूल एका वेळी कमी जेवले तर पुढच्या वेळी भुकेने जेवेल. आमच्या मुलांस आज उणीव आहे ती अन्नाची नव्हे, पंक्तीची आहे. आणि पंक्तीत वडिलांनी आधी बसावयाचे असते.