सरवा कुणाचा?

माझ्या लहानपणी मडगावचे पुरुमेंताचे फेस्त आमच्या घरात चवथीखालोखाल महत्त्वाचे होते. चर्चमध्ये आत काय चालते याच्याशी आमचा संबंध नव्हता. आई पिशव्या घेऊन निघायची ती सुक्या मिरच्या, सोलां, कांद्यांच्या माळा, सुके बांगडे असा पावसाळ्याचा साठा आणायला. फेस्त कसले, असे विचारले की उत्तर ठरलेले होते : पावसाचे!

पुढे कळले की ते चर्च पवित्र आत्म्याचे आणि फेस्त येते ते पेंटेकॉस्टच्या सुमारास, म्हणजे ईस्टरपासून मोजलेल्या पन्नासाव्या दिवसाला धरून. आणखी पुढे मराठी बायबल हाती आले तेव्हा समजले की हा पन्नासावा दिवस मुळात ख्रिस्त्यांचा नव्हेच. तो ज्यूंचा शावुओत, बायबलच्या मराठीत 'सप्ताहांचा सण', गव्हाच्या कापणीचा. मिरच्यांच्या बाजारामागे चर्च, चर्चमागे यहुद्यांचे शेत. एवढे सगळे एका फेस्ताच्या पोटात असेल असे आईच्या पिशव्या उचलताना मला वाटले नव्हते.

हे आठवायचे कारण असे. परवा एका व्याख्यानाला गेलो होतो. वक्ते अभ्यासू होते. ते म्हणाले, ज्यूंचा हा सण म्हणजे नुसती सावली. पवित्र आत्मा उतरला, खरी वस्तू आली, सावलीचे काम संपले. गव्हाचे जाऊ द्या, आत्म्याचे पीक महत्त्वाचे. बाहेर पडताना माझ्या शेजारी बसलेले हिंदू गृहस्थ म्हणाले, "त्यात काय, आमची नव्याची पंचम ती हीच. सगळे धर्म सारखेच!"

मला ही दोन्ही मते मान्य नाहीत. पहिल्यात अहंकार आहे आणि दुसऱ्यात आळस आहे.

आधी सण काय आहे तो पाहू. वल्हांडणाच्या आठवड्यात सातूची पहिली पेंढी देवापुढे ओवाळायची. त्या दिवसापासून सात आठवडे मोजायचे. पन्नासाव्या दिवशी नव्या गव्हाच्या पिठाच्या दोन भाकरी अर्पण करायच्या, आणि त्या खमीर घातलेल्या. वल्हांडणाची भाकर बेखमीर असते. इथे मात्र रोजच्या घरातली, पोदेराच्या पावासारखी फुगलेली चालते. लेवीयच्या तेविसाव्या अध्यायात हा सगळा विधी तपशिलाने दिला आहे. विधी संपतो आणि पुढचा सण सुरू होण्याआधी बाविसावे वचन मध्येच येते. त्याचा विधीशी वरवर काही संबंध दिसत नाही. त्याचा आशय असा : कापणी कराल तेव्हा शेताच्या कडेपर्यंत कापू नका, गळलेली कणसे वेचू नका, तो सरवा गरिबासाठी आणि उपऱ्यासाठी राहू द्या.

सणांच्या यादीत शेतीचा कायदा घुसवणाऱ्याला लिहिता येत नव्हते असे समजू नका. त्याला नेमके हेच सांगायचे होते. भाकरी देवाला पोचली एवढ्याने सण पुरा होत नाही, बांधावरचे धान्य उपऱ्याला पोचले पाहिजे. अनुवादाच्या सोळाव्या अध्यायात तर या सणाला कोण कोण जेवायला हवे त्याची यादीच आहे : मुलगा, मुलगी, दास, दासी, लेवी, उपरा, अनाथ, विधवा. कारणही दिले आहे : तूही मिसरात गुलाम होतास, हे विसरू नको.

मिश्ना हा ज्यूंचा नियमसंग्रह इसवी सन 200 च्या सुमारास सिद्ध झाला. त्याने या कायद्याचे हिशेबही मांडले. कडेचे पीक निदान साठावा हिस्सा तरी सोडावे, असे तो सांगतो. त्यातच एक गोष्ट नोंदलेली आहे. पहिले फळ मंदिरात आणणाऱ्याने काही वचने म्हणायची असत. ज्यांना येत ते स्वतः म्हणत, ज्यांना येत नसत त्यांना पुरोहित सांगत. मग न येणारे लोक लाजेने यायचेच बंद झाले. तेव्हा ठरले की येवो न येवो, सर्वांनाच सांगायचे. अडाण्याची लाज राखण्यासाठी विद्वानालाही मागून म्हणायला लावणारी ही माणसे! यांच्या सणाला 'नुसती सावली' म्हणताना जीभ जरा अडखळायला हवी.

आता रूथ. शावुओतला ज्यूंच्या सभास्थानात रूथचे पुस्तक वाचतात. ही मवाबी बाई, म्हणजे परक्या आणि नावडत्या देशातली. नवरा मेला, तरी सासूला सोडले नाही. तिच्याबरोबर बेथलेहेमला आली आणि सातूच्या कापणीत बवाजच्या शेतात सरवा वेचू लागली. गव्हाची कापणी संपेपर्यंत वेचत होती. पुढे बवाजशी तिचे लग्न झाले. दावीद राजा तिचा पणतू. आणि मत्तयाने शुभवर्तमानाच्या पहिल्याच पानावर येशूची वंशावळ दिली आहे, तिच्यात या सरवा वेचणारीचे नाव आहे.

बवाजने बांधापर्यंत कापणी केली असती तर? 'बाहेरच्या बायका आमच्या शेतात नकोत' असे म्हटले असते तर? ज्या वंशात ख्रिस्त जन्मला तो वंश सरव्यावर जगलेला आहे. ख्रिस्ती माणसाने हा सण 'संपला' म्हणणे म्हणजे पणजीला ओळख न दाखवणे आहे.

प्रेषितांच्या कृत्यांचा दुसरा अध्याय उघडा. वारा, अग्नीच्या जिभा, अनेक भाषा हे सर्वांना पाठ असते. पण यरुशलेममध्ये त्या दिवशी पार्थी, मेदी, एलामी, मिसरी एवढ्या देशांचे लोक जमले कशाला होते? याच सणासाठी! आणि अध्यायाचा शेवट कशाने होतो? विश्वास ठेवणाऱ्यांनी मालमत्ता विकली आणि ज्याला जशी गरज तसे वाटून दिले. अध्यायाची सुरुवात सणाने, शेवट सरव्याने. लेवीयचे तेच बाविसावे वचन, फक्त शेताच्या जागी घर आले. पुढे सहाव्या अध्यायात मंडळीत कुरकुर सुरू झाली ती कसल्या गहन तत्त्वावरून नव्हे. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावलले जाते, यावरून.

वक्त्यांनी पौलाचा आधार घेतला. कलस्सैकरांच्या पत्रात सणांना सावली म्हटले आहे, हे खरे. पण हाच पौल कृत्यांच्या विसाव्या अध्यायात पेंटेकॉस्टला यरुशलेमला पोचायचे म्हणून इफिसला वळसा घालून घाईने निघालेला दिसतो. संपलेल्या सणासाठी कोणी एवढी धावपळ करतो काय? आणि ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाला तो 'प्रथमफळ' म्हणतो. हा शब्द शेतकऱ्याचा आहे. पहिली पेंढी हातात आली म्हणजे बाकीचे शेत पिकले आहे आणि अजून उभे आहे. गव्हाचे जाऊ दिले तर ख्रिस्ती माणसाची ही सर्वांत मोठी आशाच कळेनाशी होते. रोमकरांना तर त्याने बजावले आहे की कलमी फांदीने मुळाला तोरा दाखवू नये, मूळ तिला पोसते.

तोरा मात्र दाखवला गेला. 386-387 साली अंत्युखियात जॉन क्रिसोस्तोमने ज्यूंविरुद्ध आठ प्रवचने केली. कारण काय, तर साधे ख्रिस्ती लोक ज्यूंच्या सणांना हौसेने जात होते! आपल्या गोव्यात 1560 साली इन्क्विझिशन आले. त्याची पहिली नजर होती ज्यू वंशाच्या नवख्रिस्त्यांवर, घरात गुपचूप जुने सण पाळतात या संशयाने. ज्याचे नाव आज पणजीच्या चर्चसमोरच्या बागेला आहे त्या गार्सिया द ओर्ताच्या बहिणीला 1569 मध्ये जाळले, आणि खुद्द त्याची हाडे मेल्यावर बारा वर्षांनी, 1580 मध्ये, उकरून जाळली. पवित्र आत्म्याचे फेस्त करायचे आणि ज्यांनी त्या फेस्ताचा दिवस मोजला त्यांच्या वंशजांना जाळायचे, हे एकाच वेळी चालले होते. 'सावली संपली' हे वाक्य दिसते तेवढे निरुपद्रवी नाही. रोमच्या चर्चने 1965 साली ज्यूंविषयीची भूमिका बदलताना पौलाच्या त्याच मुळाची आठवण केली. आमच्या वक्त्यांपर्यंत ती पोचायला अजून वेळ लागणार असे दिसते.

आता शेजारच्या गृहस्थांकडे वळतो. नव्याची पंचम मलाही प्रिय आहे. भाताची कणसे दारावर लागली की जीव सुखावतो. पण 'सगळे सारखेच' म्हणताना आपण दुसऱ्याच्या सणातले आपल्याला टोचणारे तेवढे काढून टाकतो. कणसे सारखी, देवापुढे ठेवणे सारखे, आनंद सारखा. उपऱ्यासाठी बांध सोडायचा कायदा आपल्या नव्यात कुठे आहे, दाखवा! आपल्याकडे दानधर्म आहे, तो देणाऱ्याच्या मर्जीचा. सरवा हा वेचणाऱ्याचा हक्क आहे. शेतमालकाने तो आपल्या हाताने द्यायचाही नाही, फक्त सोडायचा, म्हणजे उपकाराचे ओझे नको.

तुम्ही हिंदू, तुम्हाला ही उठाठेव कशाला, असे कोणी विचारील. उत्तर मडगावच्याच बाजारात आहे. आज तिथे मिरच्यांची पोती वाहणारा, कांद्याच्या माळा उचलून गाडीत ठेवणारा बहुतेक वेळा बाहेरून आलेला असतो. त्याला आपण काय म्हणतो ते सांगायला नको. 'घाटी' हा शब्द देवळातून बाहेर पडणारा उच्चारतो तसाच मिसाहून परतणाराही उच्चारतो. सर्वधर्मसमभाव म्हणतात तो गोव्यात इथे पुरेपूर आढळतो!

मला शावुओत पाळायचा नाही, तो ज्यूंचा आहे. माझे मागणे लहान आहे. पुढच्या पेंटेकॉस्टला एखाद्या पाद्रीने वाऱ्याचा आणि अग्नीचा अध्याय वाचून झाल्यावर लेवीयचे ते बाविसावे वचनही वाचावे, आणि ते अजून लागू आहे असे सांगावे. मी बाहेर बाजारातच असेन. पोते उचलणाऱ्याशी दोन रुपयांवरून घासाघीस करायची माझी जुनी सवय आहे, निदान त्या दिवशी तरी ती मोडायचा प्रयत्न करीन.