सेवाशुल्काचा हिशेब

सार्वजनिक घरांत राहणाऱ्याने किती भाडे द्यावे, हा प्रश्न आपल्याकडे कधी दयेच्या भाषेत बोलला जातो, तर कधी दंडुक्याच्या; हिशेबाच्या भाषेत तो क्वचितच मांडला जातो. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतील ५५६ कुटुंबांना नव्या घरांचा ताबा मिळाला, तेव्हाच या प्रश्नाने पुन्हा डोके वर काढले आहे. शंभर वर्षांपूर्वी मुंबई विकास खात्याने उभारलेल्या या चाळींत खोली १६० चौरस फुटांची, शौचालय सामाईक आणि भाडे नाममात्र होते. नवे घर ५०० चौरस फुटांचे आहे आणि ते उत्तुंग इमारतीत आहे. लिफ्ट, पाण्याचे पंप, आग विझविण्याची यंत्रणा, पहारा यांवाचून अशा इमारतीचा एक दिवसही निभाव लागत नाही. घर विनामूल्य मिळाले तरी लिफ्ट विनामूल्य चालत नाही. आरंभीच्या देखभालीची तरतूद जन्मभर पुरणार नाही. तिची मुदत सरल्यावर गिरणगावच्या या वारसांना दरमहाचा भार पेलवेल काय, याचा विचार आजच झाला पाहिजे.

त्यासाठी प्रथम दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. भाडे हा जागेच्या उपभोगाचा मोबदला असून तो किती असावा, हा समाजाच्या धोरणाचा प्रश्न आहे. शहर चालविणारी परिचारिका, बसचालक, सफाई कामगार शहरातच राहावेत म्हणून ते बाजारभावाहून कमी ठेवणे सर्वस्वी न्याय्य आहे. सेवाशुल्काचे तसे नाही. झालेला खर्च वाटून घेणे एवढेच त्याचे प्रयोजन. त्यात नफा नसावा आणि तूटही दडविलेली नसावी. या दोहोंची सरमिसळ झाली, की भाडेकरूला आपण कशाचे पैसे देतो ते कळत नाही, आणि मालक असलेल्या संस्थेला ते सांगण्याची गरज वाटत नाही.

भाडे गोठविणे म्हणजे भाडेकरूचे हित, हा समज मुंबईने फार महाग किमतीला विकत घेतला आहे. १९४७ च्या कायद्याने खासगी इमारतींची प्रमाणभूत भाडी १९४० च्या पातळीवर बांधून ठेवली. टंचाईच्या काळात ते आवश्यकच होते. परंतु तात्पुरता उपाय कायमचा झाला, मालकांनी दुरुस्तीकडे पाठ फिरविली, आणि १९६९ मध्ये उपकर बसवून शासनालाच दुरुस्ती मंडळ उभारावे लागले. काळाच्या ओघात ही गोठवणूक अवाजवी ठरली आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये दिला. त्यानंतर आलेल्या १९९९ च्या कायद्याने दरसाल चार टक्के वाढीची मुभा दिली. मात्र शासनाच्या अथवा स्थानिक संस्थेच्या मालकीच्या जागांना हा कायदा लागू नाही. खासगी मालकाच्या भाडेकरूला या कायद्यान्वये न्यायालयाकडून वाजवी भाडे ठरवून घेता येते. ज्याचा मालक खुद्द सरकार, त्याला ते दार बंद आहे!

अशा स्थितीत काय घडते, याचे उदाहरण मुंबईतील म्हाडाच्या ५६ वसाहतींनी घालून दिले. १९९८ ते २०२१ या काळातील वाढीव सेवाशुल्काची थकबाकी वर्षानुवर्षे वादात राहिली आणि अखेर शासनाने ती माफ केली. रहिवाशांना दिलासा मिळाला याचा आम्हांस आनंदच आहे. तथापि माफ झालेली रक्कम हवेत विरत नाही. ती म्हाडाच्या तिजोरीतून जाते, आणि त्याच तिजोरीतून उद्या आणखी कुणासाठी घर बांधावयाचे असते. शिवाय ज्यांनी नियमाने भरणा केला, त्यांनी कोणता धडा घ्यावा? तेवीस वर्षे साचू दिलेली वसुली हा अन्याय होता, आणि तो दूर करण्यासाठी माफीवाचून दुसरा मार्ग उरू नये, ही कारभाराची नामुष्की होती.

इंग्लंडमध्ये नगरपालिकांच्या घरांची परंपरा जुनी आहे. तेथील १९८५ च्या कायद्यानुसार, प्रत्यक्ष खर्चाप्रमाणे बदलणारे सेवाशुल्क वाजवी असेल तेवढेच वसूल करता येते. एखाद्या कामासाठी प्रत्येकाकडून २५० पौंडांहून अधिक घ्यावयाचे असतील, तर आधी भाडेकरूंचे म्हणणे ऐकावे लागते. खर्च झाल्यापासून अठरा महिन्यांत मागणी केली नाही, किंवा निदान लेखी कल्पना दिली नाही, तर तो हक्क बुडतो. वाद झाल्यास स्वतंत्र न्यायाधिकरण आहे. तेथे सारे आलबेल आहे असे नव्हे. महागाई दहा टक्क्यांवर गेली तेव्हा, २०२३ मध्ये, भाडेवाढीला सात टक्क्यांची मर्यादा सरकारला घालावी लागली. पण कोठे तेवीस वर्षे आणि कोठे अठरा महिने! हे अंतर संपत्तीचे नसून शिस्तीचे आहे.

प्रत्येक इमारतीचा हिशेब ठेवणे खर्चाचे व किचकट आहे, असे अधिकारी सांगतील. आम्ही विचारतो, सोसायटीचा मानसेवी चिटणीस जे काम फावल्या वेळात करतो, ते एवढ्या मोठ्या यंत्रणेला का जमू नये? लिफ्टची वीज किती, पंपाची दुरुस्ती किती, पहारेकऱ्याचा पगार किती, हे दरवर्षी इमारतीच्या फलकावर लागले पाहिजे. वाढ लहान, वार्षिक आणि पूर्वसूचनेने झाली पाहिजे. मागणीला कालमर्यादा हवी आणि तक्रारीला स्वतंत्र न्यायासन. ज्यांचे उत्पन्न खरोखर तोकडे आहे, विशेषतः निवृत्त व विधवा, त्यांना साहाय्य अवश्य मिळावे; मात्र ते सरकारी अंदाजपत्रकात उघडपणे मांडलेले असावे, निवडणुकीच्या तोंडावर सरसकट फेकलेली माफी म्हणून नव्हे.

पावतीवर प्रत्येक पैशाचे कारण लिहिलेले असेल, तर मुंबईचा रहिवासी पैसे भरण्यास मागेपुढे पाहणार नाही, असा आमचा विश्वास आहे. नव्या इमारतींत राहावयास आलेल्या कुटुंबांकडून पहिले बिल मागण्यापूर्वी शासनाने पहिला हिशेब द्यावा.