शीण म्हणजे आळस नव्हे

वाळपई किंवा काणकोणहून सकाळी निघणाऱ्या कदंबच्या गाडीत मांडीवर उघडी वही आणि खिडकीला टेकलेले मिटले डोळे, हे दृश्य आता कोणालाही नवे वाटत नाही. यांतली कित्येक मुले सकाळी महाविद्यालयात बसतात आणि दुपारनंतर दुकानात, हॉटेलात अथवा वेर्णे-कुंडईच्या कारखान्यांत कामाला उभी राहतात. रात्री ती घरी पोहोचेपर्यंत घरच्यांची जेवणे उरकलेली असतात. अशांपैकी कोणी 'आता पुस्तक हाती धरावेसेच वाटत नाही' असे म्हटले, की वडीलधाऱ्यांचे उत्तर ठरलेले असते: आम्ही कंदिलाच्या उजेडात शिकलो, तुम्हांला जिद्दच नाही. हा निवाडा घाईचा आहे, असे आम्हांस वाटते.

जिद्दीचे माप काढण्यापूर्वी तासांचा हिशेब मांडावा. महाविद्यालयाचे चार तास, नोकरीचे आठ आणि प्रवासाचे तीन धरले, तरी पंधरा तास होतात. जेवणखाण व घरची कामे यांना दोन आणि अभ्यासाला दोन तास दिले, म्हणजे झोपेसाठी उरतात अवघे पाच. प्रौढ माणसाला किमान सात तास झोप हवी, असे वैद्यकशास्त्र सांगते. रोज दोन तासांचे हे कर्ज महिनोन्‌महिने साचत गेले, की वाचलेले स्मरणात राहत नाही, चित्त ठरत नाही आणि ज्या विषयाची हौस होती त्याचाही वीट येतो. उमेद गेली म्हणून शरीर थकले असे नव्हे, तर शरीर थकले म्हणून उमेद गेली, असाच बहुधा क्रम असतो.

अशा वेळी कर्मवीर भाऊराव पाटील यांचा दाखला हटकून दिला जातो. 1919 साली रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीरांनी 'कमवा आणि शिका' हे तत्त्व कृतीत उतरविले, हे खरेच आहे. परंतु त्यांच्या वसतिगृहांत श्रम, शिक्षण, अन्न आणि निवारा एकाच छत्राखाली होते, आणि मुलांच्या श्रमाची व शिक्षणाची सांगड घालणारे वडिलकीचे माणूसही तेथे होते. आजच्या विद्यार्थ्याचा मालक निराळा, प्राचार्य निराळे आणि दोघांनाही एकमेकांच्या वेळापत्रकाची वार्ता नाही. दोहोंच्या मधली फरफट त्याने एकट्याने सोसायची. घोषवाक्य आपण उचलले. त्यामागची व्यवस्था मात्र उचलली नाही.

1948 च्या कारखाना कायद्याने प्रौढ कामगाराच्या आठवड्याला 48 तासांची मर्यादा घातली, कारण थकव्यालाही सीमा असते हे राज्यकर्त्यांनी ओळखले होते. वर्गातले तास त्या मर्यादेत कोण मोजणार? गोव्यात पर्यटनाचा हंगाम ऑक्टोबरपासून चढू लागतो आणि सत्रपरीक्षाही त्याच सुमारास येतात. परीक्षेच्या दिवसांत पाळी बदलून देणे मालकांना अशक्य नाही. नोकरी करणाऱ्यांसाठी संध्याकाळचे वर्ग, हजेरीच्या नियमात समजूतदारपणा आणि रात्रपाळी सुटल्यावर गावाकडे जाणारी एखादी गाडी, या काही अवाच्या सव्वा मागण्या नव्हेत.

विद्यार्थ्यांनाही दोन शब्द सांगणे अगत्याचे आहे. उत्साह येईल मग अभ्यासाला बसू, असे म्हणून वाट पाहू नये. पाऊण तासाचा ठरलेला अभ्यास रोज पुरा करावा आणि उरलेला वेळ निःशंक मनाने झोपेला द्यावा. झोप म्हणजे चोरलेला वेळ नव्हे. पदवी तीनच वर्षांत पदरात पडली पाहिजे, असेही नाही. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची तीन वर्षांची पदवी सहा वर्षांपर्यंत पुरी करता येते. शीण हटतच नसेल, तर रक्त तपासून घ्यावे. 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला होता. तेव्हा मुलीचा थकवा 'नाजूकपणा' म्हणून उडवून लावणे हे निव्वळ अज्ञान होय. आणि विश्रांती घेऊनही दोन-दोन आठवडे कशातच गोडी वाटेनाशी झाली, तर वैद्यांकडे जाण्यात कमीपणा नाही. शासनाची 'टेली-मानस' ही सेवा 14416 या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे.

गाडीत डुलकी घेणारा मुलगा आळशी असता, तर तो त्या गाडीत चढलाच नसता. तो चढला, यातच त्याची जिद्द सिद्ध झाली. आता परीक्षा आहे ती त्याला राबविणाऱ्यांची आणि शिकविणाऱ्यांची.