दप्तरे जपली, तरच साक्ष उरते

न्यायालयाची जुनी दप्तरे म्हणजे धूळ खाणारी रद्दी, हा समज आम्हांस घातक वाटतो. ज्यांना शतकानुशतके लेखणीपासून दूर ठेवले गेले, त्यांचा आवाज अनेकदा केवळ अशाच कागदांत शिल्लक राहतो.

अमेरिकेतील सेंट लुईसच्या सर्किट कोर्टाचे उदाहरण पाहावे. गुलामगिरीच्या काळातही मिसुरी राज्यात गुलामाला स्वातंत्र्यासाठी दावा लावता येत असे. ६ एप्रिल १८४६ रोजी ड्रेड स्कॉट व त्यांच्या पत्नी हॅरिएट यांनी तेथे अर्ज केले. ड्रेड यांच्या अर्जावर सहीऐवजी फुली आहे. १८५० मध्ये ज्यूरीने त्यांच्या बाजूने कौल दिला. १८५२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. १८५७ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने कृष्णवर्णीयांचे नागरिकत्वच नाकारले. हा निकाल जगाला ठाऊक आहे. मात्र त्याच कोर्टातील असे ३०० हून अधिक दावे आज राज्य अभिलेखागारात जतन झाले आहेत. म्हणूनच ड्रेड स्कॉट एकटे नव्हते, हे पुराव्याने सांगता येते.

आपलाही इतिहास कोर्टाच्या दप्तरात आहे. २० मार्च १९२७ च्या महाड सत्याग्रहानंतर चवदार तळे खासगी असल्याचा दावा सवर्णांनी महाडच्या दिवाणी न्यायालयात लावला आणि १४ डिसेंबर १९२७ रोजी बाबासाहेबांविरुद्ध तात्पुरता मनाईहुकूम मिळवला. हा लढा दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने वादींचे अपील फेटाळले. अस्पृश्यांना मज्जाव करणारी अनादी वहिवाट त्यांना सिद्ध करता आली नाही. आपण २० मार्चला अभिवादन करतो. १७ मार्च आपल्यापैकी किती जणांच्या स्मरणात आहे?

हे कागद बहुधा वकिलांच्या आणि कारकुनांच्या भाषेत असतात, त्यांत आपले दुःख पूर्णपणे उमटत नाही, हे खरे. तथापि कागद नसेल, तर नाकारणाऱ्याचे काम सोपे होते. जात पडताळणीसाठी आजोबांच्या शाळेचा दाखला शोधताना झालेली धावपळ कोणत्या घराला ठाऊक नाही?

म्हणून माजी विद्यार्थी व पालक यांना आमचे आवाहन आहे : घरातील जुने दाखले, वतनी जमिनीचे कागद, कोर्टाचे निकाल, धम्मदीक्षेच्या वेळची छायाचित्रे रद्दीत जाऊ देऊ नका. त्यांच्या प्रती शाळेच्या ग्रंथालयात द्याव्यात. शाळेनेही त्यासाठी एक कपाट राखून ठेवावे आणि वसतिगृहातील मुलांना ते वाचावयास शिकवावे. स्मारके उभारण्यास निधी लागतो. या कामास केवळ दक्षता पुरेशी आहे.