जहाजातील खोली आणि वयात आलेली मुले

मराठवाड्याला समुद्र नाही. नांदेडपासून मुंबई सुमारे ६०० किलोमीटर आणि लातूरपासून सुमारे ५०० किलोमीटर. तरीही इतवाऱ्यातील कापडाच्या दुकानांत आणि गंजगोलाईच्या पेढ्यांवर आता जहाजाच्या सहलीची विचारपूस होऊ लागली आहे. ज्यांनी आयुष्यभर दुकानाचे शटर उघडण्या-बंद करण्यापलीकडे सुट्टी पाहिली नाही, ते व्यापारी बंधूही मुलांच्या हट्टापायी दोन-तीन रात्रींच्या सहलीचे दर विचारतात. विचारण्यात काही वावगे नाही. परंतु विचारणारा बहुधा एकच प्रश्न करतो : "चौघांचे मिळून किती?" आणि विकणाराही एकच उत्तर देतो : "एका खोलीत चौघे बसवून देतो, स्वस्तात पडेल." मुले पाच-सात वर्षांची असतील तर हा सौदा ठीक आहे. ती तेरा ते एकोणीस वर्षांची असतील तर हा सौदा महाग पडतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

जहाज आपल्या लोकांना अपरिचित नाही. मुंबईहून जिद्दाला जाणारी हाजींची जहाजे १९९५ पर्यंत चालू होती. या जहाजांवर थोड्यांना केबिन मिळे, बाकीचे सामाईक जागेत बिछाना टाकत. कोकणपट्टीतील बोटींचा प्रवासही बहुतेकांनी डेकवरच केला. तेव्हा खोली निवडण्याचा प्रश्नच नव्हता, कारण जहाज हे पोहोचण्याचे साधन होते. आजच्या सहलीत जहाज हेच मुक्कामाचे ठिकाण आहे. २०१८ च्या ऑक्टोबरात मुंबई-गोवा मार्गावर 'आंग्रिया' सुरू झाली. तीत सामाईक शयनकक्षातील बर्थपासून कुटुंबाच्या खोलीपर्यंत अनेक प्रकार होते. २०२१ च्या सप्टेंबरपासून 'कॉर्डेलिया' कंपनीचे 'एम्प्रेस' हे मोठे जहाज मुंबईहून फिरू लागले. हे जहाज १९९० साली बांधलेले आहे. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे त्यात आतल्या आणि खिडकीच्या खोल्या पुष्कळ, बाल्कनीच्या मोजक्या. म्हणजे गिऱ्हाइकाला निवड करायची आहे, आणि निवड करायची तर माल पारखता आला पाहिजे.

दहा बाय बाराचा गाळा

जुन्या धाटणीच्या जहाजातील आतली खोली साधारण १०० ते १५० चौरस फुटांची असते. आपल्या भाषेत सांगायचे तर दहा बाय बाराचा गाळा. त्यातच न्हाणीघर, कपाट आणि दोन पलंग. तिसऱ्या आणि चौथ्या माणसाचा बर्थ बहुधा भिंतीतून किंवा छतातून खाली ओढायचा असतो. तो रात्री उघडला की चालायला जागा उरत नाही. आता कल्पना करा : वडील पहाटे उठणारे, आईला कपडे बदलायला आडोसा हवा, सतरा वर्षांच्या मुलीला आरशासमोर अर्धा तास हवा आणि चौदा वर्षांचा मुलगा दुपारी बारापर्यंत झोपणारा. न्हाणीघर एकच. घरी निदान अंगण असते, गच्ची असते, चाचांचे घर शेजारी असते. जहाजात दार बंद केले की ही चार माणसे आणि चार भिंती. ज्या सहलीसाठी दुकान तीन दिवस बंद ठेवले, ती सहल कुरबुरीत जाते.

वयात आलेल्या मुलामुलींना आडोसा लागतो. हा काही शहरी थाट नव्हे, आपल्या घरांची ही जुनी रीतच आहे. भावंडे मोठी झाली की त्यांचे बिछाने वेगळे होतात. घरात जी रीत पाळतो ती सहलीत पैसे वाचवण्यासाठी मोडण्याचे कारण नाही.

हिशेब मांडून पाहा

भाडे खोलीवर नसून माणशी असते, आणि खोलीतील पहिल्या दोघांना पूर्ण, तिसऱ्या-चौथ्याला कमी, अशी या धंद्याची सर्वसाधारण पद्धत आहे. म्हणूनच चौघांची एक खोली स्वस्त दिसते. केवळ समजण्यासाठी आकडे घेऊ. आतल्या खोलीत पहिल्या दोघांना प्रत्येकी २०,००० रुपये आणि पुढच्या दोघांना प्रत्येकी १२,००० रुपये धरले, तर एका खोलीचे ६४,००० होतात. तशाच दोन खोल्या घेतल्या तर ८०,०००. फरक १६,००० रुपयांचा. आता तेच कुटुंब 'बाल्कनी पाहिजे' म्हणून एक बाल्कनीची खोली घेते. पहिल्या दोघांना प्रत्येकी ३२,००० आणि पुढच्या दोघांना तेच १२,००० धरले, तर रक्कम ८८,००० होते. म्हणजे एका बाल्कनीच्या पैशांत दोन साध्या खोल्या येऊन ८,००० रुपये वर उरतात. दर हंगामाप्रमाणे बदलतील, पण हिशेबाची ही पद्धत बदलत नाही. बंदराचे शुल्क माणशी असेल तर दोन खोल्या घेतल्याने ते वाढत नाही. कर मात्र भाड्यावर वाढेल. तो धरूनच लेखी दर घ्यावा.

बाल्कनीतून समुद्र दिसतो हे खरे. पण उघड्या डेकवरूनही तोच समुद्र दिसतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत आणि मुले तिथेच जास्त रमतात. ज्यांच्या सोबत वृद्ध दादी आहेत किंवा ज्यांचा बंद खोलीत जीव घाबरतो, त्यांनी दोनांपैकी एक खोली खिडकीची घ्यावी. एवढी सवलत पुरेशी आहे.

कोणाला कोठे झोपवावे

दोन खोल्या म्हटले की पुष्कळ पालक दचकतात. "मुलांना वेगळे ठेवून आम्ही रात्रभर जागे राहायचे काय?" हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर सोपे आहे. एका खोलीत वडील आणि मुलगा, दुसऱ्या खोलीत आई आणि मुलगी. दादी असतील तर त्या स्त्रियांच्या खोलीत. प्रत्येक खोलीत एक मोठे माणूस राहते आणि आडोशाचा प्रश्न मिटतो. अनेक कंपन्या प्रत्येक खोलीत एक प्रौढ प्रवासी असावा अशी अट घालतात. या वाटणीने तीही पुरी होते. दोन्ही मुलगेच असतील आणि मोठा समंजस असेल, तर त्यांना एकत्र ठेवता येईल. पण अल्पवयीनांना वेगळी खोली मिळते काय, किती वयाचे माणूस प्रौढ धरले जाते, हे आगाऊ विचारावे. नियम कंपनीगणिक वेगळे असतात.

खोल्या शेजारी किंवा समोरासमोर असाव्यात. काही जहाजांत मधल्या दाराने जोडलेल्या खोल्या असतात. त्या थोड्या असतात आणि लवकर संपतात. 'खोली क्रमांक नंतर कळवू' अशी स्वस्त तिकिटे निघतात. एकट्या माणसाला ती चालतील, दोन खोल्या घेणाऱ्या कुटुंबाला नाहीत. आई चौथ्या मजल्यावर आणि बाप नवव्या मजल्यावर अशी वेळ येते.

जागेचा क्रमांक पाहताना व्यापाऱ्याने दुकानाची जागा पाहतो तसे पाहावे. जहाज पुढून आणि मागून जास्त उचलते, वरच्या मजल्यांवर जास्त डोलते. मधला भाग आणि खालचे मजले स्थिर असतात. ज्यांनी पाणी फक्त गोदावरीच्या घाटावर आणि मांजराच्या धरणावर पाहिले, त्यांनी मधलीच खोली मागावी. डोक्यावर नाचगाण्याचे सभागृह, स्वयंपाकघर किंवा पोहण्याचा तलाव नको, झोप होत नाही. या जहाजांवर मद्यालय आणि जुगाराचा अड्डा असतो, हेही लपवण्यात अर्थ नाही. मुलांच्या येण्याजाण्याची वाट त्यांच्या दारावरून जाणार नाही अशी खोली नकाशा पाहून निवडता येते. नकाशा दाखवत नाही त्या एजंटाकडून खोली घेऊ नये.

उधारीचे खाते आणि भोंगा

दोन गोष्टी पैशांपेक्षा मोठ्या आहेत. पहिली, खोलीचे कार्ड. दार उघडणारे हे कार्ड बहुतेक जहाजांवर खर्चाचे खातेही असते. मुलाने शीतपेय घेतले, खेळ खेळला, छायाचित्र काढून घेतले की रक्कम खोलीच्या नावावर चढते आणि उतरताना एकदम समोर येते. अमर्याद उधारी कोणताही दुकानदार देत नाही. मग पंधरा वर्षांच्या मुलाच्या हाती ती का द्यावी? चढताच काउंटरवर जाऊन मुलांच्या कार्डांवरील खर्च बंद करावा किंवा मर्यादा ठरवावी.

दुसरी, आणीबाणीचा सराव. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या किनाऱ्याजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' हे सहलीचे जहाज खडकावर आदळले आणि ३२ माणसे मेली. त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांचा सराव तोवर झालाच नव्हता. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम कडक झाला. १ जानेवारी २०१५ पासून जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच लगेच सराव घेणे बंधनकारक आहे. जमण्याची जागा बहुधा खोलीवरून ठरते. म्हणून दोन खोल्या एकाच मजल्यावर असाव्यात, आणि मुलांना 'भोंगा झाला तर एकमेकांना शोधत फिरायचे नाही, ठरलेल्या जागी यायचे' हे पहिल्याच दिवशी चालून दाखवावे. खोल समुद्रात मोबाईलला नेटवर्क नसते. जेवणाच्या वेळा हीच भेटीची वेळ ठरवावी. मुले ती पाळतात, कारण तेव्हा त्यांना भूक लागलेली असते.

ज्यांना थाटमाट नको, त्यांच्यासाठी कोचीहून लक्षद्वीपला जाणारी सरकारी जहाजे आहेत. 'एम. व्ही. कवरत्ती' त्यांपैकी एक. तेथे पहिल्या वर्गात दोन बर्थची आणि दुसऱ्या वर्गात चार बर्थची खोली, त्याखाली बंक वर्ग. बेटांवर जाण्यासाठी परवाना लागतो, तो आधी काढावा. चौघांच्या कुटुंबाने तेथेही दोन बर्थच्या दोन खोल्यांचा विचार करावा. चार बर्थच्या खोलीत तीनच प्रवासी आपले असतील तर चौथा कोण, हे विचारल्याशिवाय मुलीला घेऊन जाऊ नये.

एजंट बंधूंना आणि पालकांना

नांदेड-लातूरमध्ये आपले अनेक तरुण उमराह, विमान आणि रेल्वेच्या तिकिटांचा धंदा करतात. जहाजाची तिकिटे हा त्यांना नवा माल आहे. त्यांना आमचे सांगणे एवढेच : गिऱ्हाइकाला आधी मुलांची वये विचारा, मग दर सांगा. डेकचा नकाशा समोर ठेवा. एका खोलीचा आणि दोन खोल्यांचा असे दोन्ही दर एकाच कागदावर लिहून द्या, आणि रद्द केल्यास किती पैसे परत मिळतील तेही त्याच कागदावर लिहा. यात दलाली कमी होत नाही. उलट परत आलेले कुटुंब पुढची चार कुटुंबे पाठवते.

वेळेचेही पाहावे. पावसाळ्यात मुंबईहून या सहली सहसा बंद असतात. दिवाळीच्या सुमारास सोयाबीनची आवक, त्यापुढे तुरीचा हंगाम. आडतदाराला तेव्हा मोंढा सोडता येत नाही. शिंप्याचे, सुताराचे तर हात थांबले की कमाई थांबते. इकडे लातूरच्या शिकवण्या मुलांना दहावीनंतर उसंत देत नाहीत. दहावीच्या परीक्षेनंतरचे काही आठवडे एवढीच फट उरते. नंतर मुलगा वसतिगृहात, मुलगी परगावी शिकायला किंवा सासरी जाते आणि सणासुदीला पाहुण्यासारखी येते. सगळे घर एकत्र निघण्याची ही बहुधा शेवटची खेप असते.

कोणी म्हणेल, हा सगळा फाजील खर्च आहे. कर्ज काढून जाणाऱ्याला आम्हीही तेच म्हणू. पण ज्याने वर्षभर थोडेथोडे बाजूला टाकले आहे, त्याने शेवटचे काही हजार वाचवण्यासाठी चौघांना एका गाळ्यात कोंडू नये. ऐपत नसेल तर एक रात्र कमी करावी, बाल्कनी सोडावी, वर्षभर थांबावे. पण खोल्या दोन घ्याव्यात.