आधी पाहणारा ठरवा

मुलांनो, सापेक्ष वेगाचे गणित आले की तुम्ही विचारता, "सर, बेरीज की वजाबाकी?" माझ्या मते आधी विचारावे, "पाहणारा कोण?"

समजा, तुमची लोकल ताशी ५४ किलोमीटर वेगाने धावते आहे. शेजारच्या रुळावरून २५० मीटर लांबीची गाडी ताशी ३६ किलोमीटर वेगाने समोरून येते. स्वतःला स्थिर माना. ती तुम्हांला ताशी ९० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २५ मीटर वेगाने येताना दिसेल व १० सेकंदांत खिडकीसमोरून निघून जाईल. ती तुमच्याच दिशेने जात असेल, तर वेगांतील फरक सेकंदाला ५ मीटर. तिला मागे टाकायला ५० सेकंद लागतील.

अंदाजाने उत्तर बरोबर आले, तरी ते तुमचे नव्हे. समजून सोडवाल, तेच तुमचे!