मन बदलावयाचें, पण कोणाचें?

तंबाखू सुटत नाहीं, सभेंत बोलतां येत नाहीं, परीक्षेच्या नुसत्या नांवानें छाती धडधडते, अशा तक्रारींवर संमोहनाचा उपाय करून पाहावा काय, अशी पृच्छा हल्लीं सुशिक्षित घरांतूनहि होऊं लागली आहे. आमच्या नाशिकांत तरी यांत नवल नाहीं. जेथें रामकुंडावर स्नानास आणि त्र्यंबकेश्वरीं नारायण-नागबळीस दूरदूरचे लोक येतात, तेथें मनाचें ओझें दुसऱ्याच्या हातीं सोंपवावें ही इच्छा माणसास सुचावयाचीच. परंतु संमोहनकार निवडण्यापूर्वीं प्रथम ही इच्छाच तपासून घेतली पाहिजे.

या विद्येस पूर्वीं मोहिनीविद्या म्हणत, आणि तें नांव भ्रामक आहे. मोहिनी घालणारा बलवान व ती ज्याच्यावर पडते तो दुर्बळ, असें त्यांत गृहीत धरलेलें असतें. पॅरिसमध्यें मेस्मर नामक वैद्य आपण एका चुंबकीय प्रवाहानें रोग बरे करतों असें म्हणे. १७८४ सालीं फ्रान्सच्या राजानें नेमलेल्या समितीनें, जींत फ्रँकलिन व लव्हाझिये होते, प्रयोगान्तीं असें ठरविलें कीं, तसा प्रवाह कोठेंच आढळत नाहीं. परिणाम होतो तो रोग्याच्या कल्पनेचा. पुढें १८४३ सालीं ब्रेड या शल्यवैद्यानें ग्रंथ लिहून दाखविलें कीं, एका वस्तूवर दृष्टि व चित्त स्थिर केल्यानेंच ती अवस्था येते. आपल्या देशांतहि १८४५ पासून हुगळी येथें आणि नंतर कलकत्त्यास डॉ. एस्डेल यांनीं रोग्यांस अशाच अवस्थेंत नेऊन मोठमोठ्या शस्त्रक्रिया केल्या. ईथर व क्लोरोफॉर्म आल्यावर तो प्रकार मागें पडला. तात्पर्य, शक्ति करणाऱ्याच्या डोळ्यांत नसून करवून घेणाऱ्याच्या एकाग्रतेंत असते. योगशास्त्रांतील धारणेची ही दूरची आप्तच म्हणावी.

म्हणून पहिला प्रश्न असा कीं, बदल कोणास हवा आहे? आमच्या परिचयाच्या एका घरीं वडीलधाऱ्यांनीं ठरविलें कीं, नातवाचें लक्ष अभ्यासांत लागत नाहीं, तर त्यास संमोहनकाराकडे न्यावें. नातू २० वर्षांचा. त्याला कोणीं विचारलेंच नव्हतें. त्या तज्ज्ञानें वडीलधाऱ्यांस बाहेर बसवून मुलाशीं एकांतांत बोलणें केलें, आणि मग सांगितलें कीं, याचें चित्त ठिकाणावर आहे, फक्त तें तुम्हीं नेमून दिलेल्या अभ्यासांत नाहीं. मी कांहीं करणार नाहीं, तुम्हींच याचें ऐकून घ्या. फी न घेतां त्यांस परत पाठविलें. घरांत पुष्कळ रागराग झाला. आमच्या मतें निवडावा तर असाच मनुष्य निवडावा.

पुढील गोष्टी व्यवहाराच्या. संमोहनकारांची स्वतंत्र वैधानिक नोंदणी आपल्या देशांत नाहीं. चार दिवसांच्या वर्गाचें प्रमाणपत्र भिंतीस टांगून कोणीहि दुकान थाटूं शकतो. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानें २००३ सालीं या उपचारास मान्यता दिली, तीहि योग्य शिक्षण घेतलेल्यांनींच तो करावा अशा अटीवर. तेव्हां गृहस्थ मनोविकारतज्ज्ञ असल्यास महाराष्ट्र वैद्यक परिषदेची, आणि चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ असल्यास भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे काय, हें निःसंकोच विचारावें.

वेदना कमी करण्यांत व पोटाच्या कांहीं जुनाट तक्रारींत संमोहनाचा उपयोग दिसून आला आहे. धूम्रपान सोडविण्यांत तें इतर उपायांहून सरस आहे असें मात्र सिद्ध झालेलें नाहीं. यास्तव एका बैठकींत हमखास गुण देणाऱ्याची, किंवा पूर्वजन्म दाखविणाऱ्याची पायरी चढूं नये. त्या अवस्थेंत सुचविलेली कल्पनाहि आठवणीचा वेष घेऊन येते. ज्यास भास होतात, त्यास तर प्रथम मनोविकारतज्ज्ञाकडेच न्यावें. बैठका किती, खर्च किती, थांबावयाचें केव्हां, हें आधीं सांगून घरीं स्वतः करावयाचा अभ्यास जो शिकवितो, तो चांगला. कारण त्यास आपली गरज संपावी असें वाटत असतें.

वडीलधाऱ्यांचें काम एवढेंच कीं, नोंदणी पाहावी, फी द्यावी, आणि आंत जाणाऱ्यास त्याच्या इच्छेनें जाऊं द्यावें. नको म्हणाला, तर तेंहि ऐकावें.